जायचा दिवस

"भांड्याच्या पोटी भांडं, वाटीच्या पोटी चमचा, जायचा दिवस बाई, कोणी पुसेना आमचा."

हा आवाज पहिल्यांदा कधी ऐकला ते तिला सांगता आलं नसतं, कारण तो ऐकताना ती नेहमी अर्धी झोपेत असायची. पांघरुणाबाहेर नुकतं उजाडू लागलेलं असायचं, स्वयंपाकघरात एकात एक भांडी बसत जायची, त्यांच्या खणखणीवर आईनं आपल्याच मनानं जोडलेलं हे गाणं डोलत यायचं, आणि मग कपाळावर गार, ओला हात: "उठ गं चिमणे, गाडी आलीय." गाडी म्हणजे ट्रक. म्हणजे आज या घरातून निघायचं. आदल्या दिवशी जेवताना कुणी चकार शब्द काढलेला नसायचा. वडील रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मोजणीचं काम करत. रस्ता पुढे सरकला की घर त्याच्या मागोमाग सरके. रस्ता मुंगीच्या पावलांनी सरकतो हे तिला मोठेपणी कळलं. घर मात्र मुळ्याच्या रोपासारखं एका हिसक्यात वर यायचं, मुळांना माती लागलेली तशीच. "आई, तुला ठाऊक होतं?" असं ती ट्रकमध्ये आईच्या मांडीवर बसून विचारी. आई खिडकीबाहेर बघत म्हणे, "ते बघ, बगळा." बगळा असायचाच असं नाही. एका गावात तर लपाछपीचा डाव अर्धा राहिला होता. दोन वेण्यांची एक मैत्रीण, अंधार पडला म्हणून दोघी घरी गेल्या, आणि जाताना ती ओरडून म्हणाली, "उद्या राज्य तुझ्यावर!" दुसऱ्या दिवशी ट्रक आला. तेव्हापासून ते राज्य तिच्यावरच आहे. अजून कधी दुपारी डोळा लागला की तिला वाटतं, ती मैत्रीण कुठल्यातरी पिंपामागे गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे, केस पिकलेत, आणि तरीही श्वास रोखून आहे.

आता स्वतः पन्नाशीला टेकलेली, इस्पितळाच्या तळमजल्यावर लोकांचे कान तपासण्याच्या खोलीत काचेच्या अलीकडे बसलेली असताना तिला एजंटचा फोन आला, आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून होण्याआधीच मनात कुठेतरी भांड्यावर भांडं बसल्याचा आवाज झाला. "ताई, बातमी चांगली आहे," एजंट म्हणाला. "तुमची किंमत मान्य. पंखे, कपाटं, पडदे, सगळं सोडून जाताहेत." "पडदे नकोत मला." "मग फरशी पुसायला घ्या. पण एक गोम आहे. ताबा कधी देणार ते सांगत नाहीत." "म्हणजे उशिरा देणार?" "उशिरा म्हणाले असते तर मी घासाघीस केली असती हो, त्याचंच तर खातो. लवकर नाही, उशिरा नाही, तारीखच नाही. मी म्हटलं, काका, एक दिवस बोला नुसता. ते म्हणतात, बोलतो. आणि मला बिस्कीट देतात. तीनदा गेलो, तीनदा बिस्कीट. लोक किमतीवर अडतात, वाटणीवर अडतात. नुसत्या दिवसावर अडलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

काचेपलीकडच्या बंद खोलीत एक बेकरीवाला कानांवर हेडफोन लावून बसला होता. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच त्याला करायचं होतं. ती फोनवर होती, तिनं आवाज सोडलाच नव्हता, तरी त्यानं बटण दाबलं आणि तिच्यासमोरचा दिवा लुकलुकला. असं पुष्कळ जण करतात. नवी होती तेव्हा तिला ते लबाडी वाटे. मग उमगलं की लबाडी नव्हे. इतका वेळ कुणीच आपल्याला हाक मारलेली नाही, हे माणसाला पटत नाही. तिनं बेकरीवाल्याला हात करून थांबायला सांगितलं. फोनमध्ये एजंट म्हणत होता, "आपण असं करू, दुसरं घर बघतोय म्हणून दम देऊ. म्हातारा सुतासारखा सरळ येईल." "दम नको," ती म्हणाली. "का?" तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. राग यायला हवा होता. ती राहत होती त्या खोल्या महिनाअखेर मोकळ्या करून द्यायच्या होत्या. घरमालकाची मुलगी लेकरांसकट माहेरी परत येत होती. त्याच्या आत नवं घर हाती आलं नाही, तर आईला घेऊन मध्येच कुठेतरी चार दिवसांचं बिऱ्हाड करावं लागणार होतं, आणि आईनं आधीच बजावलं होतं, "मी एकदाच बांधीन. दुसऱ्यांदा बांधायचं झालं तर मलाच त्यात बांध." पण राग येण्याऐवजी तिच्या मनात दुसरंच काही कान टवकारून बसलं. किंमत सोडून देणारा, कपाटं सोडून देणारा माणूस एक दिवस का धरून ठेवतो? दिवस तो काय, मुठीत धरला तरी बोटांमधून जाणारच. मुठीत आणखी काय असेल?

घरी आली तेव्हा आई जमिनीवर पाय पसरून सुतळ्यांच्या गाठी सोडवत होती. एका पायावर तान्हं मूल निजवावं तसं सुतळीचं भेंडोळं. आईला हल्ली कमी ऐकू येई, आणि कानांची तपासणी करून घ्यायला ती साफ नाही म्हणे. "कानवालीची आई बहिरी, तुझंच नाक कापलं जाईल," असं वर हसून म्हणे. त्यातही गंमत अशी की जे ऐकायचं नसेल तेच तिला नेमकं ऐकू येत नसे. "ठरलं का गं कधी निघायचं?" आईनं मान वर न करता विचारलं. गेले कित्येक दिवस ती रोज विचारत होती. आणि बूट काढता काढता लेक म्हणून गेली, "कळलं की सांगते." तोंडातून शब्द गेले आणि ती तशीच वाकलेली राहिली. हे शब्द आपले नव्हेत. हे आईचे. आपण लहान असताना आईनं वापरून, धुऊन, घडी घालून ठेवलेले, आणि आज आपल्या अंगाला बरोबर बसलेले. तिनं बूट पलंगापाशी ठेवले, टोकं दाराकडे करून. ते ती नेहमी तसेच ठेवी, दुसऱ्या कुठल्याही रीतीनं ठेवले तर तिला झोप येत नसे, का ते तिनं कधी तपासलं नव्हतं. आई गाठीशी पुटपुटत होती: "घर बाई बदलिलं, बदलली गं खिडकी, ऊन मागोमाग आलं, घेत आपली गिरकी." ऊन आलं मागोमाग, तिला वाटलं, पण उन्हाला तरी कुणी आधी सांगितलं असेल का?

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती एजंटला न सांगता त्या घरी गेली. घेणाऱ्यानं देणाऱ्याकडे परस्पर जाऊ नये अशी एजंटची सक्त ताकीद होती. त्याच्या मते दोघं समोरासमोर आले की माणुसकी मध्ये येते आणि व्यवहार नासतो. तिसरा मजला, जिन्याला एकच उंच खिडकी, दोन दारं शेजारी शेजारी. दार उघडणारे काका चित्रांना चौकटी करत असत. बाजारपेठेतल्या दुकानावर अजून त्यांची पाटी होती, पण हात कापू लागल्यापासून दुकान भाच्याकडे दिलेलं. आता मुलीकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होते. आत भिंतींवर फिकट चौकोन होते, चौकटी काढून नेल्यावर राहिलेले, आणि प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर एक भोक. घर बघायला पहिल्यांदा आली तेव्हाही तिला हे चौकोनच आवडले होते. न दिसणाऱ्या चित्रांचं प्रदर्शन. "एजंट नाही आला?" काकांनी तिच्या मागे डोकावून पाहिलं. "त्याला तुमची बिस्किटं सोसत नाहीत," ती म्हणाली. काका हसले. हसले की त्यांची एक भुवई वर राही, जणू तिरकी लागलेली तसबीर.

चहा झाला. तिनं तारखेचं काढलं नाही, त्यांनीही नाही. ते खिडकीविषयी बोलले, कुठली झडप पावसात फुगते, कुठल्या नळाला आधी डावीकडे फिरवून मग उजवीकडे फिरवावं लागतं, न्हाणीघराची कडी वर उचलून लोटायची. जाणाऱ्या माणसासारखंच बोलत होते. देणाऱ्या माणसासारखं. सांभाळणाऱ्या बाईला लेकराचं सांगावं तसं घराचं सारं सांगत होते: याला हे चालतं, याला ते चालत नाही. मग हा माणूस अडलाय कुठे? उजेड पिवळसर झाला तसे काका थोडे अस्वस्थ झाले. रेडिओ लागला होता तो त्यांनी बारीक केला, मग बंदच केला. खुर्ची जराशी, सहज सरकल्यासारखी, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीकडे सरकवली. ती बघत राहिली. माणूस ऐकायच्या बेतात असला की त्याची मान कशी होते ते तिला कुणी शिकवायला नको होतं. दिवसभर ती काचेतून तेच बघे. आणि मग भिंतीतून आवाज आला. टक. टक. टक. सावकाश, मध्ये श्वासाएवढी जागा सोडून. काका खोकले, पायाशी ठेवलेली एक लहानशी हातोडी उचलली. हातोडीच्या तोंडाला जुन्या मोज्याचं फडकं बांधलेलं होतं. त्यांनी भिंतीवर दोनदा हलकेच टेकवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पाइप आहेत जुने."

"काका," ती म्हणाली, "पाइप उत्तरासाठी थांबत नाहीत."

काकांनी हातोडी मांडीवर ठेवली. "मी कानांचंच काम करते," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजात ते लहान मूल ऐकू आलं, ट्रकमध्ये आईच्या मांडीवर बसून विचारणारं. त्या मुलाला बगळा दाखवला की ते गप्प बसायचं. ती आता गप्प बसली ती मात्र वेगळ्या कारणानं: माणूस बोलायच्या काठाला आला की आपण आवाज सोडायचा नसतो.

"आमची मंडळी होती तेव्हा मी घरीही काम आणायचो," काका म्हणाले. "ठाकठूक ठाकठूक. पलीकडे एक बाई राहतात, टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, जुन्या काळी कॉल जोडून द्यायच्या. दिवसभर लोकांची बडबड ऐकून यायच्या आणि घरी माझा हातोडा. एक दिवस भिंतीवर ठोकलं. तीनदा. म्हणजे, बास करा. मी काय, गरम डोक्याचा. मी आणखी चार खिळे ठोकले, नको तिथे. ती भोकं त्या कपाटामागे आहेत, तुम्हाला दिसतील. मग रोजचंच झालं. मी ठोकायचं, त्यांनी तीनदा वाजवायचं. जिन्यात भेटलो तर दोघांची तोंडं दोन दिशांना. मग आमची मंडळी गेली. मी हातोडा उचललाच नाही. किती दिवस गेले कुणास ठाऊक. एक दिवस असंच ऊन पडलं होतं, आणि तीनदा वाजलं. मी तर काही ठोकलं नव्हतं. विचार करत बसलो, आता कशाला बास म्हणतात? मग लक्षात आलं की बास म्हणत नाहीयेत." काकांनी हातोडीचं फडकं नीट केलं. "त्या दिवसापासून मी दोनदा वाजवतो."

"आणि बोलता कधी?"

"बोलायचं काय? जिन्यात मान हलवतो. बोललो तर पुन्हा भांडण होईल अशी भीती."

"त्यांना सांगितलंत, जाताय म्हणून?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी फारच कच्चा प्रश्न विचारला आहे. "तीन म्हणजे आहात का. दोन म्हणजे आहे. 'जातो' याचे ठोके किती, मला सांगा. तुम्हाला दिवस सांगायचा म्हणजे आधी तिकडे सांगायला हवा. नाहीतर कुणाच्या तोंडून कळेल, ट्रकवाल्याच्या?"

ट्रक हा शब्द खोलीत येऊन उभा राहिला. तिनं कपाच्या तळाकडे पाहिलं. एवढ्याशा खोलीत किती जणांचे जायचे दिवस दाटलेत, तिला वाटलं. एक इथला, एक भिंतीपलीकडचा, एक तिच्या आईच्या सुतळीत गुंतलेला, आणि एक कुठल्यातरी पिंपामागे गुडघे मुडपून बसलेला. आईचंही असंच झालं असेल का? तिलाही ठोका सापडला नसेल? की तिला ठाऊकच नसायचं, खरोखर, आणि बगळा खरोखर असायचा? आजवर या प्रश्नाची तिला चीड येत असे. आज प्रथमच नुसतं कुतूहल वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घराच्या उघड्या दारातून आत बघताना वाटतं तसं. ती काकांना काही समजवायला गेली नाही. फक्त म्हणाली, "लहानपणी मी एका मुलीचा डाव अर्धा टाकून गेले. मला ठाऊक नव्हतं म्हणून. राज्य माझ्यावर होतं. ते अजून आहे."

"मग?"

"मग काही नाही. अजून आहे, एवढंच."

काकांनी एकदा फिकट चौकोनांकडे पाहिलं. मग उठले. शर्टाची वरची गुंडी लावली, कापत्या हातांमुळे तिसऱ्या खेपेला लागली. चपला घातल्या, शेजारच्या दारापर्यंत जायला चपला लागत नसताना. ती उंबऱ्यात उभी राहिली. काकांनी घंटा दाबली नाही, सवयीनं दारावर दोनदाच टकटक केली. आतून काठीचा आवाज येत येत दारापाशी थांबला. दार उघडलं, पांढरी बारीक वेणी खांद्यावरून पुढे आलेली, चष्मा कपाळावर. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं भिंतीतून येत होतात, आज दारातून?"

"मी घर विकलं," काका एका दमात म्हणाले. नंतर श्वास घेतला.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तुमचा तो एजंट जिना चढतो का जिना खणतो? आणि येईल त्याला मोठ्यानं सांगतो, हवेशीर आहे, हवेशीर आहे. मला काय वाटलं, हवा विकताय."

"मग बोलला नाहीत?"

"मी टेलिफोनमध्ये होते. दुसऱ्याच्या कॉलमध्ये आपण बोलायचं नसतं."

"मग रोज ठोकत होतात ते?"

"लाइन चालू आहे का ते बघत होते," बाई म्हणाल्या. मग काठीवर दोन्ही हात ठेवून जरा हसल्या. "आमच्याकडे तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून आठवण द्यायची, वेळ संपली म्हणून. तुमचा कॉल केव्हापासून चालू आहे. मी एकदाही आठवण दिलेली नाही."

काका खाली बघत होते. भुवई वर राहिली होती, पण ते हसत नव्हते. "कोणत्या दिवशी जाऊ?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगा. जो म्हणाल तो."

तिला वाटलं, जिन्यातली खिडकी कुणीतरी हळूच उघडली. जायचा दिवस कुणी कुणाला विचारल्याचं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि त्याच क्षणी, लाज वाटावी इतक्या स्पष्टपणे, तिला महिनाअखेरही आठवली: बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी, तर? तरी तिनं तोंड उघडलं नाही. बाईंनी चष्मा नाकावर घेतला, जणू दिवस लांब भिंतीवर लिहिलेला होता. "शनिवार नको," त्या म्हणाल्या. "शनिवारी भाची मला दवाखान्यात नेते. मी घरी हवी. या महिन्याचा शेवटचा रविवार करा. सकाळी. तेव्हा जिन्यात ऊन असतं, सामान उतरवताना पायऱ्या दिसतील. मी दार उघडं ठेवून बसेन." मग उंबऱ्याकडे पाहून, "आणि ही कोण?"

"ही घेतेय घर. कानांचं काम करते."

"ठोकता येतं का तिला?"

"शिकेल."

"हातोडी ठेवून जा मग," बाई म्हणाल्या. "पडदे नेलेत तरी चालतील. पडदे भिकार आहेत तुमचे, खालून दिसतात."

परतताना तिनं रस्त्यातूनच एजंटला फोन केला. शेवटचा रविवार, सकाळी. "कसं काय जमवलंत?" तो म्हणाला. "दम दिलात ना? मी म्हटलं होतं." "कागदात एक वस्तू वाढवा," ती म्हणाली. "हातोडी एक, फडक्यासकट." मग तो म्हणाला, "ताई, तुम्हालाही बिस्कीट दिलं वाटतं त्यांनी."

घरात दिवा लागला होता. आईनं भांडी काढून एकात एक बसवली होती. सर्वांत मोठं पातेलं कुशीत घेऊन ती बसली होती, आत लेकीच्या लहानपणापासूनचे सगळे डबे, वाट्या, आणि तळाला चमचा. ती आईच्या बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन जमिनीवर बसली. बूट अजून पायातच होते. "आई, ठरलं. महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळी." आईनं ऐकलं. नीट ऐकलं, मानेवरून कळत होतं. "रविवार," आई म्हणाली. "सकाळी," ती म्हणाली. पूर्वी इथे ती तो जुना प्रश्न, तुला ठाऊक होतं का, विचारत असे आणि आई बहिरी होत असे. आज तिनं विचारला नाही. ती फक्त बसून राहिली, आवाज न सोडता, काचेच्या अलीकडे बसते तशी. आईनं पातेलं बाजूला ठेवलं. सुतळीचं एक टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हात पुढे करून लेकीच्या बुटाची नाडी ओढली, गाठ सुटली.

"एकदा सांगितलं होतं मी तुला," आई म्हणाली. "अगदी पहिल्या वेळी. चांगलं आठवडाभर आधी. तुला आठवायचं नाही, एवढीशी होतीस. त्या दिवसापासून तू बूट घालून झोपायला लागलीस. काढायला गेलं की पाय पोटाशी घ्यायचीस, रडून आकांत करायचीस. म्हणायचीस, मी झोपले आणि गाडी मला टाकून गेली तर? आठवडाभर. तुझ्या पायांना फोड आले गं. मग मी मनाशी म्हटलं, गाडीची वाट मी एकटी बघेन. हिला झोपू दे."